वेल्डरचा आवाज

४ मार्च

ताई,

मी एक फोन केला. करायला नको होता.

हे वाचून लगेच कागद फाडू नकोस. तूच म्हणाली होतीस ना, फोनवर तुझं एक अक्षर ऐकणार नाही, कधी पोस्टमन होतोस, कधी माझी सासू होतोस, काय सांगायचं ते लिहून पाठव, कागदावर तुला आवाज बदलता येत नाही. तर घे, हा कागद. अक्षराला हसायचं नाही. दहावीला दोनदा बसलेल्या माणसाचं अक्षर आहे, दुप्पट अनुभवी आहे.

काल दुपारी आई जरा आडवी झाली होती. दादाचा फोन नेहमीसारखा फळीवर चार्जिंगला. तू घर सोडल्यापासूनचं तुला माहीत नसेल, आई अजून तो फोन रोज चार्ज करते, पुसते, मला रिचार्ज मारायला लावते. दादाला जाऊन सात वर्षं होतील, पण त्याचा नंबर चालू आहे. मी त्यात 'वेल्डर घर' शोधलं, दादाने कामगारांचे नंबर असेच साठवलेले, आणि लावला.

वेल्डरच्या आईने उचलला. मी माझा साहेबी आवाज काढला. तोच, नाकातला, तोंडात गोळी चघळत बोलतो तो. म्हटलं, "तुरुंग कार्यालयातून बोलतोय. तुमच्या मुलाचा दयेचा अर्ज फेटाळण्यात आला आहे. येत्या सोमवारी सकाळी फाशी. नोंद घ्यावी."

का केलं, तर मला ती बाई रडताना ऐकायची होती. खरं सांगतो. दादाच्या वर्कशॉपचं शटर वर केलं आणि आत दादा दिसला, तेव्हा आई जशी ओरडली, तो आवाज माझ्या कानातून गेलेला नाही. मी जगातल्या सगळ्यांचे आवाज काढतो, तो एक निघत नाही. म्हटलं तो एकदा त्या बाईच्या तोंडून येऊ दे. फिटंफाट.

ताई, ती म्हणाली, "बरं झालं."

मला वाटलं बाई बहिरी आहे. मी परत म्हटलं, "अहो, फाशी. फाशी म्हणतोय मी."

"ऐकलं साहेब. बरं झालं. सुटेल बिचारा." मग जरा थांबून, "त्याला निरोप द्याल? म्हणावं, आई म्हणाली घाबरू नकोस."

मी फोन कट केला. मोरीत जाऊन बादलीभर पाणी डोक्यावर ओतलं, कपड्यांसकट. आई उठून म्हणाली, "हे काय?" म्हटलं, "उकडतंय." तिला खरं वाटलं. माझ्या खोट्या गोष्टी लोकांना लगेच खऱ्या वाटतात, हाच माझा त्रास आहे.

आता तुला वाटेल हे खूळ आत्ताच कुठून शिरलं. दयेच्या अर्जाचं जे मंडळ आहे, त्यांचं बोलावणं आलंय. या महिन्याच्या शेवटी. मेलेल्याच्या घरच्यांना काय वाटतं ते ऐकणार, मग वर कळवणार. दोनच रस्ते आहेत म्हणे. एक, फाशी कायम. दोन, मरेपर्यंत कैद, सुटका नाही, पॅरोल नाही, चांगला वागला म्हणून सूट नाही, आत गेला तो आडवाच बाहेर येणार. वकील म्हणाले, आईचा शब्द जड पडेल.

आई रोज सराव करते. मी अध्यक्ष होतो, खुर्चीवर उशी ठेवून उंच बसतो आणि जाड आवाजात विचारतो, "बोला बाई, आपलं काय म्हणणं आहे?" ती उभी राहते. "साहेब, तो जेवतो, झोपतो. माझा मुलगा जेवत नाही, झोपत नाही. मला फाशी पाहिजे." एवढंच. काल मी मध्येच शिंकलो तर चिडली, "अध्यक्ष असा शिंकतो का रे? नीट कर!"

तुझं नाव निघत नाही. तू कोर्टात उभी राहून म्हणालीस, माझ्या भावाला मारलं म्हणून अजून एकाला मारू नका, त्या दिवसापासून तुझा कप फळीवरून गेला. मी तेव्हा आईच्या बाजूने होतो. आताही आहे. दादाच्या डोक्यात लोखंडी अँगल घालून, शटर ओढून, वर दोन दिवस माझ्याबरोबर दादाला शोधत फिरला तो माणूस. मला चहा पाजला त्याने. मी त्याला भाऊ म्हणायचो.

पण 'बरं झालं' म्हणजे काय, ताई? कुठली आई असं म्हणते?

तुझा,
रेडिओ


९ मार्च

ताई,

तुझं उत्तर यायच्या आत दुसरं लिहितोय, कारण दादाचा फोन वाजला.

नीट वाच. दादाचा. फोन. वाजला. आज सकाळी. आई भाजी चिरत होती, मी शेठच्या दुकानासाठी 'उद्या पाणी येणार नाही' ही घोषणा पाठ करत होतो. (मी अजून स्पीकरवाल्या शेठकडेच आहे. रिक्षावर भोंगा लावून फिरतो ना, हरवलेली मुलं, सेल, पाणीबंदी, तो आवाज माझा.) आणि फळीवर ते जुनं गाणं सुरू झालं, दादाने लावलेलं.

आईच्या हातातली सुरी तशीच राहिली. तिचं तोंड बघवत नव्हतं. घाबरली नव्हती ती. घाबरली असती तर परवडलं असतं. तिचं तोंड असं झालं होतं की जणू फोन उचलला तर तो बोलेल. "उचल," म्हणाली, एकदम हळू. "उचल ना रे."

मी झेप घेतली. स्क्रीनवर 'वेल्डर घर'. आईकडे पाठ करून उचलला.

"साहेब," ती बाई म्हणाली, "आज सोमवार. झालं का?"

 आई मागे उभी. मी साहेबी आवाजात म्हटलं, "चौकशी करून कळवतो."

"पुरे कर आता, पोरा," ती म्हणाली. "फोनवर तुझ्या दादाचा फोटो येतो. माझ्या मुलाने लावून ठेवलेला. मेलेल्या माणसाच्या फोटोवरून फोन करतोस आणि साहेब होतोस? मी बाजारातल्या टेलरकडे काजं-बटणं करते. ये. मारणार नाही."

ताई, एवढा मोठा मी, आवाजाचा बादशहा म्हणवतो, आणि नंबर दिसतो हे डोक्यात आलं नाही! कोणी शेंबडं पोरही हे करणार नाही.

आईला म्हटलं, "राँग नंबर." ती गेली, फोन परत चार्जिंगला लावला आणि भाजी चिरायला बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "तू राँग नंबरवाल्याशी साहेबाच्या आवाजात का बोललास?"

"सवय."

"हं."

मी टेलरकडे जाणार नाही. सांगून ठेवतो.

रेडिओ


१५ मार्च

ताई,

तुझं पत्र मिळालं. चार ओळी. त्यातल्या तीन शिव्या. चौथी, 'जा आणि पाय धर तिचे.' बरं. गेलो.

टेलरच्या दुकानात मागच्या बाजूला खिडकीजवळ बसते ती. शर्टांचा ढीग मांडीवर, डोळ्यांना दोन चष्मे, एकावर एक. मी दारात उभा राहिलो तर मान वर न करता म्हणाली, "आलास. दार लाव, धूळ येते." टेलर म्हणाला, "कोण हा?" ती म्हणाली, "भाचा." आणि ताई, मला तिथल्या तिथे भाचा करून टाकलं. खोटं बोलण्यात माझी गुरू आहे ती.

मी पाय धरायला वाकलो तर सुई समोर धरली. "लांबून. पायात दम नाही माझ्या."

म्हटलं, "मावशी, चुकलं. तुम्हाला रडवायचं होतं मला."

"कळलं. तेव्हाच कळलं. तुरुंगातली माणसं 'नोंद घ्यावी' म्हणत नाहीत, 'ऐकलं का ए बाई' म्हणतात."

"मग तुम्ही मला शिव्या का नाही घातल्यात?"

तिने दोरा दाताने तोडला. "कारण मला ते खरं धरायचं होतं. सोमवारपर्यंत. तेवढे दिवस मला झोप लागली, पोरा. सात वर्षांत पहिल्यांदा. सोमवारी सकाळी उठले, आंघोळ केली, म्हटलं आता झालं असेल. मग वाटलं, विचारून तरी बघावं."

 मी ढिगातला एक शर्ट उचलून घडी करायला लागलो.

मग ती म्हणाली, आणि हे शब्द मी येताना रस्ताभर घोकत आलो, तुला जसेच्या तसे देतो. "फाशी म्हणजे एक दिवस. कसाही असो, संपतो. ते दुसरं सांगतात ना, मरेपर्यंत आत, त्याला शेवट कुठे आहे? मी आहे तोवर महिन्याला एकदा जाते, दोन बस बदलून. मी गेल्यावर कोण जाणार? तो म्हातारा होईल, दात पडतील, आणि काचेच्या पलीकडे कोणी नसेल. त्याने स्वतः मला सांगितलंय, आई, मला मरू दे. म्हणून तुझ्या आईला म्हणावं, बाई, तू फाशीच माग. ढळू नकोस."

म्हणजे बघ! आपली आई फाशी मागते कारण तिला त्याचा सूड पाहिजे. त्याची आई फाशी मागते कारण तिला त्याची दया येते. दोघींचं एकच म्हणणं! आणि तू, जी त्याला वाचवायला निघालीस, तू एकटी पडलीस. मला हसू आलं. खरंच आलं, दुकानातच. तिने सुई टोचली मला, दंडाला.

मग म्हणाली, "शनिवारी भेटीचा दिवस आहे. भाचा झालाच आहेस, तर चल. बघ त्याला. मग घरी जाऊन आईला सांग, किती झिजलाय ते. तिचं मन भरेल."

मी नाही म्हणालो.

खरं म्हणजे कितीची बस ते विचारलं.

रेडिओ


२२ मार्च

ताई,

गेलो होतो. शिव्या नंतर घाल, आधी वाच.

खऱ्या भाच्याचं ओळखपत्र घेऊन गेलो. तो माझ्यापेक्षा दीडपट, गाल असे की फोटोत मावत नाहीत. गेटवरच्या शिपायाने कार्ड बघितलं, मला बघितलं. मी गाल फुगवले. "बारीक झालास," म्हणाला. म्हटलं, "कावीळ." त्याने दोन पावलं मागे होऊन आत सोडलं. एरवी या गोष्टीवर मी महिनाभर हसलो असतो.

भेटीची खोली म्हणजे एक लांब टेबल, मध्ये जाड काच, दोन्हीकडे फोनचे रिसीव्हर. तो आला. ताई, तुला आठवतो तसा नाही. तो दार उचलून एकटा बसवायचा आठवतं? आता शर्टच त्याला उचलून आणतो असं वाटलं. आधी त्याची आई बोलली, गुडघे, टेलर, भाच्याची नोकरी. मग म्हणाली, "मला बसवत नाही, हा बोलेल," आणि रिसीव्हर माझ्या हातात देऊन लांबच्या बाकावर गेली.

मी आवाज बदलला. जाड्या भाच्याचा काढला. "काय दादा, बरंय ना?"

तो काचेतून बघत राहिला. मग म्हणाला, "रेडिओ, तू ना?"

 त्याचा आवाज पार बसलाय. घोगरा, मध्येच तुटतो. मी दचकलेला बघून म्हणाला, "बोलायला कोणी नसतं. गंजलाय."

मी खूप ठरवून गेलो होतो काय काय बोलायचं. पाठ केलं होतं. त्यातलं एकच निघालं. "तू शटर ओढलंस तेव्हा दादा जिवंत होता. डॉक्टरने कोर्टात सांगितलं."

"माहीत आहे," तो म्हणाला. "आतून आवाज येत होता. मी ऐकत ऐकत चालत गेलो. कोपऱ्यापर्यंत येत होता."

ताई, मी हे तुला लिहायला नको होतं. पण एकट्याच्या डोक्यात हे मावत नाही. कोपऱ्यापर्यंत. आपण त्या कोपऱ्यावरून रोज जातो. मी काचेवर रिसीव्हर आपटला. शिपाई ओरडला, "ए! सरकारी आहे!" तो हललाही नाही. दादाने कामावरून काढलं म्हणून केलंस का, असं विचारलं तर म्हणाला, "त्याचं उत्तर माझ्याकडे असतं तर कोर्टात दिलं नसतं?"

मी उठणार होतो. मग आठवलं कशाला आलोय. म्हटलं, "तुझी आई म्हणते तुला मरायचंय. मिळेल. आमची आईही तेच मागणार आहे. खूश?"

त्याने बाकाकडे बघितलं, त्याची आई गुडघा चोळत बसली होती. मग तोंड रिसीव्हरच्या अगदी जवळ आणलं. "तिला सांगू नकोस. ते मी तिच्यासाठी बोललो. तिचे हाल बघवत नाहीत, दोन बस, हे गुडघे. म्हटलं, मला मरायचंय असं सांगितलं तर तिला नंतर जड जाणार नाही."

"आणि खरं काय?"

"हसशील."

"बोल."

"माझ्या खोलीच्या बाहेर, लांब, एक गेट आहे. दिसत नाही. त्याची बिजागरी कुरकुरते. वरची. सकाळी उघडतात तेव्हा आणि संध्याकाळी बंद करतात तेव्हा. तुझ्या दादाला बिजागरीचा आवाज चालायचा नाही, आठवतं? दिलेलं गेट परत आणायचा. मी रोज पडल्या पडल्या ते गेट दुरुस्त करतो. पिन काढतो, घासतो, बसवतो. परत संध्याकाळी कुरकुरतं. मग परत." थांबला. "मला जगायचंय रे. बाहेर नको. माफी नको. इथेच, एवढ्याच खोलीत. ते कुरकुरलं की मला कळतं, अजून एक सकाळ झाली."

मी हसलो नाही.

घंटा झाली. परत येताना बसमध्ये त्याची आई म्हणाली, "बघितलंस ना? सांगशील ना आईला, फाशीच?" मी मान हलवली. कुठल्या बाजूला हलवली ते मलाच माहीत नाही.

आता विचार कर माझा काय खुळखुळा झालाय. आईला कळलं की त्याला मरायचंय, तर ती म्हणेल, मग मेल्याला मरू देऊ नका, कुजू द्या आत. आईला कळलं की त्याला जगायचंय, तर म्हणेल, लटकवा उद्याच. मी एक वाक्य बोललो की एक माणूस जातो किंवा राहतो. मी! ज्याच्यावर शेठ एक पाणीबंदीची घोषणा विश्वासाने सोडत नाही!

त्याला जगायचंय, हेच सांगणार आहे आईला. खरं तेच आहे. आणि दादाचा आवाज कोपऱ्यापर्यंत येत होता. माझं ठरलं. तू मध्ये पडू नकोस.

रेडिओ


३१ मार्च

ताई,

झालं. काल झालं. मला अजून कळत नाहीये मी काय केलं ते. लिहिता लिहिता कदाचित कळेल.

मंडळाचं ऑफिस म्हणजे एक लांबलचक कॉरिडॉर, दोन्ही बाजूंना बाक, एक पंखा, तोही थकलेला. आम्ही एका टोकाला, वेल्डरची आई दुसऱ्या टोकाला. दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या, पण एकीने पदर सारखा केला की दुसरीही करायची. आईने घरून निघताना केस दोनदा विंचरले होते. आमच्या आधी कोणीतरी आत होतं. बराच वेळ होता.

मी म्हटलं, "आई, सराव करू? मी अध्यक्ष होतो."

"अध्यक्ष नको," आई म्हणाली. "तू सगळ्यांचे आवाज काढतोस. त्याचा काढ."

"कोणाचा?"

"त्याचा. मी विचारते. तू त्याच्या आवाजात उत्तर दे."

ताई, मी नाही म्हणायला पाहिजे होतं. मी हसण्यावारी न्यायला बघितलं. म्हटलं, "आई, मला कावीळ झालीय." ती हसली नाही. डोळे मिटून बसली, हात मांडीवर, आणि कोणी समोर काचेपलीकडे बसलं असावं तसं विचारलं. अहोजाहो करून, बघ. "तुम्हाला काय जड जाईल हो? मरायला, का आत राहायला?"

माझं ठरलं होतं. 'मला जगायचंय, काकू,' एवढं म्हणायचं होतं. खरं होतं, सोपं होतं, आईने आत जाऊन फाशी मागितली असती, विषय संपला असता.

पण तुला माहीत नाही आवाज कसा काढतात ते. नुसतं तोंड हलवून निघत नाही. त्या माणसासारखं बसावं लागतं, खांदे तसे टाकावे लागतात, घसा आतून तसा आवळावा लागतो. मी त्याच्या घशात शिरलो, ताई. आणि त्या घशाला जगायचं होतं. मी काय करू?

मी म्हटलं, "मला मारून टाका, काकू. पाया पडतो. आत नका ठेवू."

असा निघाला आवाज, घोगरा, मध्ये तुटलेला, की माझ्याच मानेवरचे केस उभे राहिले. आईचे ओठ पांढरे पडले. डोळे मिटलेलेच.  पंखा फिरत होता.

मग डोळे उघडले आणि म्हणाली, "बरं."

आमचं नाव पुकारलं.

आत पाच माणसं होती, अध्यक्ष बारीक निघाला आणि त्याचा आवाज माझ्या अध्यक्षापेक्षा पुष्कळ पातळ. त्याने विचारलं. आई उभी राहिली. 'तो जेवतो, झोपतो' हे नेहमीचं सुरूच केलं नाही. म्हणाली, "फाशी नको. आत ठेवा. मरेपर्यंत."

वकिलांनी दचकून बघितलं. एक बाई सदस्य होती, तिने पेन खाली ठेवलं. "बाई, तुम्ही सात वर्षं फाशी मागताय. विचार करून बोलताय ना? दबाव नाही ना कोणाचा?"

"नाही. जगू दे त्याला," आई म्हणाली. "रोज."

फक्त तेवढं. रोज. ते शाप म्हणून म्हणाली का कसं, मला सांगता येणार नाही. मी आवाजातला माणूस आहे, मला लोकांचे आवाज कळतात, पण तो 'रोज' मला कळला नाही.

बाहेर आलो. वेल्डरच्या आईला आत बोलावलं आणि ती लगेच परत आली, कारण तिला काही विचारायचंच नव्हतं, फक्त सांगायचं होतं, मंडळ वर काय लिहून पाठवणार ते. ती भिंतीला धरून खाली बसली. फरशीवर. आई वकिलांशी बोलत पुढे जिन्यात होती. मी वाकलो, वाटलं हिला उठवावं.

तिने माझी बाही धरली. "काय केलंस? काय केलंस रे पोरा? मी गेल्यावर कोण जाणार त्याच्याकडे?"

मला काय सुचलं ते सांगू?   तोंडातून आपोआप तो साहेबी आवाज निघाला, नाकातला, गोळी चघळणारा. "व्यवस्था होईल. नोंद घ्यावी."

ती माझ्याकडे बघत राहिली, दोन्ही चष्म्यांतून. मग तिने बाही सोडली नाही, उलट घट्ट धरली आणि म्हणाली, "महिन्याचा तिसरा शनिवार."

मी दादाच्या खुन्याला भेटायला जाणार आहे, ताई. दर महिन्याला. मी त्याचा जीव वाचवला, त्याच्याच आवाजात खोटं बोलून, ते पण दादाच्या आईशी. मला दादाचा आवाज कोपऱ्यापर्यंत ऐकू येतो आणि मी हे केलं. तू म्हणशील, बरोबर केलंस. नको म्हणूस. तुझं ते तत्त्व होतं, छान, स्वच्छ, धुतलेलं. माझं तसं काही नव्हतं. माझा फक्त घसा घसरला.

अजून एक आहे, आणि तेच मला झोपू देत नाहीये.

परत येताना बसमध्ये आई खिडकीजवळ बसली होती.  आपल्या वर्कशॉपचा कोपरा आला तशी बाहेर बघतच म्हणाली, "त्याचा आवाज बसलाय."

मी म्हटलं, "कोणाचा?"

तिने पिशवी उचलली, आमचा स्टॉप आला होता.

ताई, कोर्टात तो एक शब्द बोलला नव्हता, आठव. आईने त्याचा आवाज ऐकला तो सात वर्षांपूर्वीचा, चांगला, खणखणीत, 'काकू, गेट बसवून आलो' असा. मग मी काढला तो घोगरा आवाज त्याचाच आहे हे तिला कसं कळलं? मी त्याला भेटून आलो, हे तिने ओळखलं ना? आणि ओळखलं, तर मी खोटं बोललो हेही ओळखलं असेल. सगळं माहीत असून ती आत जाऊन 'जगू दे' म्हणाली का? का तिला खरंच वाटलं की त्याला मरण पाहिजे होतं, म्हणून दिलं नाही?

घरी आल्यावर तिने तुझा कप काढला. वरच्या फळीवर होता, कागदात गुंडाळलेला, फेकला नव्हता. धुतला आणि परत तिथेच ठेवला. मी विचारलं नाही.

आता ऐक. तू पेपरात वाचशील, आईने दया दाखवली. तुला उड्या माराव्याशा वाटतील. फोन उचलशील आणि म्हणशील, आई, तू किती मोठ्या मनाची. नको करूस. हात जोडतो. तिने जर सूड म्हणून केलं असेल तर तुझ्या आनंदावरून तिला कळेल की सूड उलटा पडला. आणि जर दया म्हणून केलं असेल, तर ते तिला कोणाला कळू द्यायचं नाहीये. दोन्हीकडून तू तोंड उघडलंस की ती मोडेल. वेल्डरच्या आईला सांगू नकोस की त्याला जगायचं होतं. वेल्डरला सांगू नकोस की फाशी त्याच्या आईलाच पाहिजे होती, तिच्या झोपेसाठी. टेलरला सांगू नकोस मी भाचा नाही. वकिलांना नको, भावजींना नको, तुझ्या त्या शेजारणीला तर अजिबात नको.

कागदावर मला आवाज बदलता येत नाही, तूच म्हणालीस. म्हणजे हा माझाच आहे. पाया पडतो तुझ्या, ताई. कोणाला सांगू नकोस.

रेडिओ